टोपी काढणारा डॉक्टर

मर्ल हॅगस्ट्रॉमला ओळखणारी माणसं जिथे तिथे भेटत, पण तो नेमका कोण हे त्यांतल्या एकालाही आठवत नसे. बरबँकमध्ये घराजवळच्या दुकानात तो काकड्या निवडत असला की एखादी बाई आपली ढकलगाडी थांबवून त्याच्याकडे बघत राही. मग हळूच विचारी, "माफ करा हं, तुम्ही ओमाहाला आमच्या बँकेत होता ना?"

"हो, होतो काही दिवस," मर्ल म्हणे. "घरी सगळे बरे ना?"

आपण टीव्हीवर काम करतो असं सांगायचं, मग तिने नाव विचारायचं, मग ते नाव तिने कधी ऐकलेलंच नाही असं निघायचं आणि दोघांनीही ओशाळायचं. त्यापेक्षा ओमाहाच्या बँकेत असणं सोपं होतं.

तो मूळचा मिनेसोटाचा. वडिलांची गावात लोण्याची छोटी डेअरी होती. युद्धात तो इटलीत होता, पण बंदूक फारशी हातात आली नाही. सैन्याच्या इस्पितळात कोण आलं आणि कोण गेलं याचे कागद तो टाइप करायचा. युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार देत होतं, तेव्हा त्याने घरी न सांगता लॉस एंजेलिसला नाटकाच्या शाळेत नाव घातलं. नायक व्हायचं मनात होतं. सव्विसाव्या वर्षी केस गेले.

बर्नीस नावाच्या बाईने त्याला कामं मिळवून द्यायचं पत्करलं. ती बुटकी होती, सिगारेटींनी आवाज घोगरा झालेला होता, आणि सगळ्या नटांना ती बाळा म्हणायची. पहिल्याच दिवशी तिने त्याला खिडकीपाशी उभं करून सगळ्या बाजूंनी बघितलं.

"बाळा, तुझा चेहरा नायकाचा नाही. नायकाकडे येऊन काहीतरी सांगणाऱ्या माणसाचा आहे. त्यात कमीपणा मानू नकोस. नायक चार वर्षं टिकतो. सांगणारा कायम लागतो."

बाई खरं बोलली. मर्लने हॉटेलचा कारकून केला, कोर्टाचा शिपाई केला, पाद्री केला, औषधवाला केला. दोन वाक्यं, पाच वाक्यं. एक दिवसाचं काम, फार तर दोन दिवसांचं. मग अठ्ठावन्न साली त्याला एका मालिकेत सर्जन मिळाला. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं आणि मुलाच्या आईला मुलगा गेल्याचं सांगायचं. हातांचं काय करावं ते मर्लला कळेना. खिशात घातले तर बेफिकीर दिसत, लोंबत ठेवले तर बावळट. शेवटी त्याने डोक्यावरची कापडी टोपी काढली आणि बोलता बोलता ती मुठीत चुरगाळली. दिग्दर्शक खूश झाला.

त्यानंतर हे कामच त्याच्या नावावर झालं. कुठल्याही मालिकेत पेशंट मरायचा असला की बर्नीसचा फोन यायचा, आणि पलीकडचा माणूस हमखास म्हणायचा, "तो टोपीवाला पाठवा." हळूहळू दुसरे नटही तसंच करू लागले. टोपी डोक्यावर असेल तर पेशंट वाचला, हातात आली तर गेला. असं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण बरबँकमधल्या सगळ्या स्टुडिओंत ते चाले.

त्याची बायको व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. चारशे मुलांना रोज जेवायला वाढणाऱ्या बाईचा असावा तसा तिचा आवाज होता. शेजारणींना ती सांगे, "आमच्या ह्याने आतापर्यंत एकतीस माणसं मारली. एकदा तरी अटक व्हावी! नाही. उलट पैसे देतात."

मर्लचे संवाद पाठ करून घेण्याचं काम तिचंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती समोरच्याची वाक्यं वाचायची. आई, बाप, विधवा, पोलीस, सगळे एकाच आवाजात. एकदा तिने एका अनाथ मुलीची वाक्यं बटाटे सोलता सोलता म्हटली होती, आणि मर्लला नंतर सेटवर त्या मुलीसमोर उभं राहून हसू आवरेना.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात व्हर्नाला पायऱ्या चढवेनात. मग चालवेना. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयातली एक झडप निकामी झाली आहे, ती काढून कृत्रिम बसवावी लागेल. ऑगस्टमधला एक मंगळवार ठरला. जोखीम किती, असं मर्लने विचारल्यावर डॉक्टर क्षणभर थांबले आणि मग आकडा सांगितला. ते थांबणं मर्लने ऐकलं. आकडा नंतर त्याला आठवलाच नाही.

आणि त्याआधीच्या शुक्रवारी बर्नीसचा फोन आला. सोमवारी एक दिवसाचं काम. सर्जन.

"या वेळी नको," मर्ल म्हणाला. "त्या दुसऱ्या टकल्याला दे, सिडला."

"सिडला देता आलं असतं तर तुला फोन कशाला केला असता? बाळा, ऐक. या वर्षी तुझं काम कमी झालंय. नटांच्या युनियनचा दवाखान्याचा विमा पुढच्या वर्षी टिकवायचा तर हे एक काम हवंच. तिला पुढच्या वर्षीही डॉक्टर लागणार आहेत ना?"

पुढच्या वर्षीही, हे बर्नीस इतक्या सहज म्हणाली की मर्लला तिचा आधार वाटला. त्याने हो म्हटलं.

संवादांचं पाकीट शनिवारी आलं. गोष्टीत एका माणसाच्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि ती टेबलावरच जाते. मर्लने ती पानं न्हाणीघरातल्या टॉवेलांच्या कपाटात ठेवली. पाठ करायची सोडून तो रविवारी सकाळी गाडी धुवायला गेला आणि तासभर धूतच राहिला.

दुपारी व्हर्ना टेबलाशी बसली होती. पुढ्यात कॉफी होती, चष्मा लावलेला होता, आणि पानंही होती.

"बस," ती म्हणाली.

"पाठ झालंय माझं."

"सत्तावीस वर्षांत माझ्याशिवाय तुझं कधी पाठ झालंय? मर्ल, पाकीट घेऊन माणूस आला तेव्हा सही मी केली. उघडून वाचून परत चिकटवलंही मीच. आणि टॉवेलात कसलं लपवतोस? घरात टॉवेल कोण धुतं?"

"व्हर्ना, हे राहू दे ना."

"मी नवरा. तू दारातून ये."

मर्ल बैठकीच्या खोलीत गेला आणि परत दारात आला. "मिस्टर कोल्टन, आम्ही—"

"टोपी कुठाय?"

"आत्ता कुठली टोपी?"

ती उठली. भिंतीला हात लावत, मध्ये एकदा थांबत न्हाणीघरात गेली आणि केस भिजू नयेत म्हणून घालायची आपली फुलाफुलांची प्लास्टिकची टोपी घेऊन आली. ती मर्लने डोक्यावर चढवली. परत दारातून आला. टोपी काढली, मुठीत धरली, आणि तिच्यावरची फुलं बघत राहिला.

"आता सांग मला," व्हर्ना म्हणाली, "की मी गेले."

"तू नाही. त्याची बायको."

"तेच ते. हे बघ, उद्या तू तिथे अडखळलास तर लोक म्हणतील, बायको आजारी आहे म्हणून हॅगस्ट्रॉमला काम जमेना. असला आळ मला माझ्यावर नकोय. चल."

मर्लने सांगितलं. चारही वाक्यं सांगितली. व्हर्नाने पानावर बोट ठेवून पुढचं वाक्य शोधलं, तिथे 'नवरा कोसळतो' एवढंच होतं. तिने चष्मा वर केला.

"बरं," ती म्हणाली. "मग जेवायला काय करायचं?"

दोघं हसली. मर्ल तर दाराला धरून हसला. व्हर्नाला मात्र हसता हसता दम लागला. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. तिचे ओठ निळसर झालेले त्याने बघितले. त्याने टोपी ओट्यावर ठेवली आणि पाणी आणलं.

सोमवारी सेटवर नवऱ्याचं काम करणारा पोरगेलासा नट होता. सकाळपासून तो कुणाशी बोलत नव्हता, दुःख गोळा करत होता. मर्ल ठरल्या जागेवरून चालत आला, टोपी काढली आणि बोलला. एरवी तो असे सीन दोन-तीनदा तरी करायचा. कधी प्रकाश चुके, कधी आवाज. या वेळी मधेच त्या पोराच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. वरच्या दिव्यांपाशी बसलेला म्हातारा कामगार तोंड फिरवून बसला.

"झालं," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "पुन्हा नको."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं चांगलं काम मर्लच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. टाळ्या थांबायच्या आत तो गाडीकडे निघाला. हे इतकं चांगलं का झालं, हा विचार काही केल्या जाईना.

मंगळवारी सकाळी सात वाजता व्हर्नाला आत नेलं. चार तास लागतील असं सांगितलं होतं. नऊला सिड लुबिन आला, हातात मांसाची सँडविचं भरलेली कागदी पिशवी. सिड ब्रुकलिनचा. तोही टकला, तेवढ्याच उंचीचा. वीस वर्षं दोघं एकाच कामासाठी एकाच बाकावर बसत आले होते. जे काम मर्लला मिळत नसे ते सिडला मिळे. वैर धरायला त्यांना कधी सवड झाली नाही आणि मग मैत्रीच होऊन बसली.

"खा," सिड म्हणाला.

"नको."

"मग मांडीवर धरून बस. हाताला काम."

समोर एक म्हातारी बाई जपमाळ घेऊन बसली होती. तिचं नाव मिसेस ओचोआ. तिच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन चाललं होतं. मर्ल पाणी प्यायला उठला तेव्हा तिची नजर वर गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती उभी राहिली.

"डॉक्टर, माझा नवरा? सांगा. सांगून टाका."

"नाही, नाही! मी डॉक्टर नाही हो. मीही तुमच्यासारखाच बसलोय. माझी बायको आत आहे."

बाईने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही तेच. टीव्हीवरचे. टोपी काढणारे."

इतक्या वर्षांत कुणीतरी त्याला बरोबर ओळखलं होतं.

"घाबरू नका, बाई," सिड म्हणाला. "आज त्याने टोपी आणलेली नाही."

बाईला हसू आलं नाही. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि समजुतीच्या स्वरात म्हणाली, "राग मानू नका. माणूस तुम्ही चांगले दिसता. पण तुम्ही आलात की कुणीतरी जातं. तेवढं तिकडे बसाल का? माझ्यासमोर नको."

मर्ल निमूटपणे कोपऱ्यात शीतपेयांच्या यंत्राशेजारी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. सिडही गेला. "बाईचं चुकत नाही," सिड म्हणाला, "मलाही तुझ्या शेजारी जरा धाकधूक वाटतेय." मर्ल हसला नाही असं बघून त्याने नुसताच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अकरा वाजले. चार तास झाले. मग बारा वाजले. परिचारिका दोनदा बाहेर आली, दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणासाठी. साडेबाराला आतलं दार उघडलं आणि व्हर्नाचं ऑपरेशन करणारे डॉक्टर नाकाशिमा बाहेर आले. तरुण, सडपातळ माणूस. त्यांनी तोंडावरची पट्टी गळ्यात ओढली. इकडे तिकडे बघून मर्लला शोधलं. मग डोक्यावरची टोपी काढली, मुठीत धरली, आणि जमिनीकडे बघत, हळूहळू पाय टाकत त्याच्याकडे येऊ लागले.

त्या चालण्यातलं पाऊल न् पाऊल मर्लच्या ओळखीचं होतं. तो उभा राहिला. मागून सिडने त्याचा कोट धरला. आश्चर्य म्हणजे मर्लला त्या क्षणी स्वतःपेक्षा त्या तरुणाचीच कीव आली. पहिलं वाक्य किती जड असतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

डॉक्टर जवळ आले आणि त्यांनी तोंड उघडलं. "मिस्टर हॅगस्ट्रॉम, आम्ही—"

"डॉक्टर," मर्ल म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "'आम्ही'पासून सुरुवात करू नका. त्याने ऐकणाऱ्याला जास्त त्रास होतो. सरळ सांगा. हवं तर आधी बसा. मी ऐकतो."

नाकाशिमांनी सिडकडे बघितलं, मग पुन्हा मर्लकडे. "काय सरळ सांगू?"

"ती केव्हा गेली ते."

"कुठे गेली?" डॉक्टर गोंधळून म्हणाले. "अहो, ती आत आहे. झडप व्यवस्थित बसली. जुनी काढायला वेळ लागला, फार चिकटली होती, पण हृदय चालू केल्याबरोबर पहिल्या झटक्यात चाललं. आम्ही सगळं नीट उरकलं, हेच सांगत होतो."

मर्लने त्यांच्या मुठीकडे बोट दाखवलं.

"मग टोपी का काढलीत?"

"काय?"

"टोपी. टोपी कशाला काढलीत तुम्ही?"

"घामाने भिजली होती हो. साडेपाच तास उभा होतो."

"आणि खाली का बघत होता? हळूहळू का चालत होता?"

"नवीन बूट आहेत," डॉक्टर जरा लाजून म्हणाले. "टाच सोललीय."

मर्ल खाली बसला. खुर्ची तिथे नव्हती. नाकाशिमा त्याची नाडी बघायला वाकले, तर सिड भिंतीला टेकून डोळे पुसत होता. शेवटी तो म्हणाला, "डॉक्टर, याला काही झालेलं नाही. पण तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी टोपी घालून या."

समोरून मिसेस ओचोआ सगळं बघत होती. "वाचली?" तिने विचारलं.

"वाचली!" सिड ओरडला.

"मग त्यांना इकडे आणा. इथे, माझ्या शेजारी."

मर्ल तिच्या शेजारी बसला आणि त्याला आठवलं की काल दुपारपासून आपण काही खाल्लेलं नाही. त्याने दीड सँडविच खाल्लं. अर्धं मिसेस ओचोआने घेतलं. मोहरी फार झाली आहे असं तिने सांगितलं, आणि सिडने ते मान्य केलं. पाऊण तासाने परिचारिकेने तिला दारातून हाक मारली, तीही हसत. जाण्याआधी बाईने मर्लचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्याच्या टकलाची पापी घेतली.

व्हर्ना त्यानंतर एकोणीस वर्षं जगली, आणि त्यातली बरीचशी शाळेच्या स्वयंपाकघरातच काढली. पण बुधवारी सकाळी मर्लला दहा मिनिटांसाठी आत सोडलं तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नळ्या होत्या, यंत्रं होती, आणि त्यांच्या मधोमध तिचा चेहरा एवढासा दिसत होता. पण ओठ गुलाबी होते. तिने डोळे उघडले.

"दाढी कर," ती म्हणाली. रात्रभर घशात नळी होती, त्यामुळे आवाज बसला होता.

"करतो."

"काय झालं?"

"काही नाही. सगळं चांगलं झालं."

"मग रडतोस कशाला? नीट सांग मला, काय म्हणाले डॉक्टर?"

मर्लने सांगितलं. सांगताना तो भलत्याच ठिकाणी थांबला, एक वाक्य दोनदा म्हणाला, झडपेचं नाव विसरला आणि हातांचं काय करावं ते न कळून पलंगाचा दांडा धरून उभा राहिला. व्हर्नाने सगळं ऐकून घेतलं.

"शाळा चार सप्टेंबरला उघडते," ती म्हणाली. "चारला जमेल का विचार."

"चारला कसं जमेल?"

"विचार तर. नाहीतर माझ्या जागी आलेली ती लोरेन माझ्या कढईत काय करून ठेवेल देव जाणे."

परिचारिकेने घड्याळ दाखवलं. मर्ल वाकला, कुठे ओठ टेकवावे ते नळ्यांमुळे कळेना, म्हणून त्याने तिच्या कानावर टेकवले.

बाहेर लख्ख ऊन होतं. इस्पितळासमोरच्या मोठ्या पटांगणात शेकडो गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि सकाळी आपण आपली कुठे लावली हे मर्लला काही आठवेना. त्याने पहिली ओळ बघितली, दुसरी बघितली. डांबर बुटांच्या तळाला चिकटत होतं. टक्कल भाजत होतं. तिसऱ्या ओळीत एका पहारेकऱ्याने विचारलं, "काय हरवलंय?" मर्ल म्हणाला, "गाडी. पण घाई नाही." मग तो चौथ्या ओळीत शिरला आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या बघत सावकाश चालू लागला.